कडूकंदातलं विसरण वर्गात कसं दाखवू?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, जव्हार तालुका):
आमच्या आश्रमशाळेत बहुतेक मुलं वारली, काही कातकरी. परवा नववीला विसरण (पदार्थाचे कण दाट जागेकडून विरळ जागेकडे पसरणं) शिकवत होते. वर्ग गप्प. शेवटी विचारलं, "घरी रानातला कडूकंद कसा करतात?" वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी मागच्या बाकावरून उठली. आई पातळ काप करते, राखेच्या पाण्यात उकडते, पाटीत भरून रात्रभर ओढ्यात ठेवते. "साठल्या पाण्यात ठेवला तर कडूच ऱ्हातो, बाई." मी खडू धरून उभीच राहिले. अख्खा धडा तिनं सांगून टाकला होता!

यावरच प्रयोग बसवायचाय. पण कच्चा कडूकंद विषारी, चाखून कडूपणा तपासता येणार नाही. दुपारी वीजही नसते. काय करू?

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, नाशिक):
ताई, बीट घ्या. सारख्या वजनाचे जाड आणि पातळ काप वेगवेगळ्या ग्लासांत टाका, दर पाच मिनिटांनी पाण्याचा रंग बघा. तिसऱ्या ग्लासातलं पाणी बदलत राहा, म्हणजे ओढा झाला. राखेसाठी हळदीचा कागद करा. राखेच्या निवळीत बुडवला की लाल होतो, कारण राख आम्लारिधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची. जमलं तर मुलांना पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात न्या. डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केला, तिथे मुलं हातानं काम करत शिकतात.

उत्तर २ (मोखाड्याचा, सध्या पुण्यात):
बाई, मी ठाकर, आश्रमशाळेतच दहावी झालो, आता इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. कंदापासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. आमच्याकडे पाहुणे यायचे, रानभाज्यांचं कौतुक करायचे, फोटो काढायचे. बीजगणिताला मात्र वर्षभर शिक्षक नव्हता. अकरावी सायन्सला गेलेले माझे तीन मित्र सहामाहीनंतर आर्ट्‌सला गेले. ते हुशार नव्हते असं कुणी म्हटलं की अजून पोटात तुटतं. मुलांकडून आलेख काढून घ्या, वेळ आडव्या अक्षावर, रंग उभ्या. 'डिफ्युजन' हा विसरणाचा इंग्रजी शब्दही त्याच दिवशी फळ्यावर लिहा, पुढे तोच भेटणार आहे. दिवाळीत गावी येतोय. आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि रंग मोजणारा सेन्सर आणतो, पॉवर बँकेवर चालतो.

प्रश्नकर्ती:
नक्की या, दादा. बीट आणलंय, आलेखाचे कागदही. ती मुलगी आज विचारत होती, राखेऐवजी चुना घेतला तर? उद्या हळदीचे दोन कागद तिच्याच हातात देणार आहे.