मदत हवी आहे: जुन्या टँकची लाईव्ह सँड ठेवू की फेकू? सडक्या अंड्यांचा वास मारतोय

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या, दोन रात्री धड झोप नाहीये.

औंधच्या एका ओळखीच्यांची बदली झाली म्हणून त्यांचा खाऱ्या पाण्याचा चालू टँक मी घेतला. ३ बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे १९० लिटरच्या आसपास, सोबत दगड, २ क्लाऊन मासे, १ वाळू चघळणारा गोबी मासा आणि तळाला ३ वर्षं न हलवलेली अ‍ॅरागोनाईट (चुनखडीसारखी) वाळू, चांगली ४ इंच, तीच लाईव्ह सँड, म्हणजे पाणी साफ ठेवणारे बॅक्टेरिया वसलेली. मी आजवर फक्त गप्पी आणि एंजल पाळलेत, पण आयता मिळतोय म्हटल्यावर मोह झाला. रविवारी छोटा हत्ती करून सगळं सिंहगड रोडला आणलं. मासे पिशवीत, दगड टँकच्याच पाण्यात बुडवून, इथवर ठीक. वाळू मात्र रंगाच्या दोन रिकाम्या बादल्यांत भरून झाकणं गच्च लावली, कारण टेम्पोवाला म्हणाला पाणी सांडलं तर तुम्हीच पुसा. निघालो ११ ला, इकडे लिफ्ट बंद, चौथा मजला, काच चढवण्यातच दुपार गेली आणि बादली उघडली संध्याकाळी ६ ला. झाकण काढलं आणि बायको थेट गॅलरीत.

वाळू वरून पांढरी, पण मध्ये काजळ कालवल्यासारखे काळे पट्टे. तरी सगळीकडे वाचलं होतं की लाईव्ह सँड धुवायची नसते, बॅक्टेरिया मरतात, म्हणून पहिली बादली तशीच ओतली. पाणी ताकासारखं झालं. कालपासून क्लाऊन वर येऊन तोंड उघडझाप करतायत. अमोनिया १, नायट्राईट ०, सॅलिनिटी १.०२४, तापमान २७. दुसरी बादली गॅलरीत झाकून ठेवलीये.

आता ओतलेली वाळू काढू का, काढताना अजून घाण उठली तर? दुकानदार म्हणतो नळाखाली धुऊन उन्हात वाळवा, यूट्यूबवाले म्हणतात हातसुद्धा लावू नका, आई म्हणते दगड आणि वाळू सरळ उकळून घे, आणि सासरे शनिवारी श्रीवर्धनला चाललेत, ते म्हणतायत पोतंभर ताजी वाळू आणतो. कुणाचं ऐकू?

खारट_माणूस: आधी मासे, वाळूचं नंतर. मिठाचं पाणी किती तयार आहे? खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो, तिथे तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी पडतो, त्यामुळे गप्पीच्या हिशोबाने "१ च तर आहे" म्हणू नका. एअर पंप लावा, वेव्हमेकरचं (लाटा करणाऱ्या पंपाचं) तोंड वर करा म्हणजे पाणी खळाळेल.

धागाकर्ता: २० लिटरचे दोन कॅन आहेत, घरच्या आरओचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ३५. मीठ अजून घातलेलं नाही.

खारट_माणूस: आज चालेल. पुढे डीआय (उरलेले क्षार काढणारा फिल्टर) लावून टीडीएस शून्यावर आणा. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे ४० लिटरला १ किलो ४०० ग्रॅम मीठ, विरघळेपर्यंत पंपाने फिरवा, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या यंत्रावर) बघा आणि तापमान जुळवून मगच बदला. मासे आणि दगड टबात काढा, त्यात हीटर आणि एअर पंप ठेवा, तेवढ्यात तळाची वाळू नळीने खेचून काढा. वर राहिलेलं पाणी गढूळ असणारच, तेच आधी टाकायचं.

आणि त्या वाळूची माया सोडा. खोल थरात ऑक्सिजन नसतो, तिथले बॅक्टेरिया हायड्रोजन सल्फाईड बनवतात, तोच तुमचा अंड्यांचा वास. जागेवर असेपर्यंत तो दबून राहतो, उकरला की माशांना विष. शिवाय ७ तास झाकणाखाली कोंडल्यावर आतले किडे आणि बरेच बॅक्टेरिया गुदमरून सडले. ती आता लाईव्ह कसली, तेरावा घालायच्या लायकीची झालीये. खरा बॅक्टेरियांचा साठा दगडात आहे, तो ओला राहिलाय ना, मग टँक सावरेल. न धुण्याचा नियम नव्या सीलबंद पिशवीसाठी, ३ वर्षं मुरलेल्या गाळासाठी नाही.

तळ्यातली_माऊ: आईंना प्लीज थांबवा!! दगडावर बटणासारखे झोआ (कोरलसारखे छोटे जीव) असतील तर त्यांच्यात पॅलीटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं, उकळल्यावर ते वाफेत येतं आणि असे दगड उकळून अख्खी घरं हॉस्पिटलात गेलेली आहेत. दगड ब्रशने घासूही नका. आणि हातमोजे घाला, जखम असेल तर नक्कीच, त्या पाण्यातून मायकोबॅक्टेरियम मरीनम या बॅक्टेरियाचं इन्फेक्शन झालं तर बोटावरचे फोड महिनोन्महिने जात नाहीत.

सासऱ्यांनाही नको म्हणा. कोकणातल्या वाळूत बेसाल्टचा काळा चुरा, वर बोटींचं डिझेल, आणि किनाऱ्यावरून पोती भरून वाळू उचलणं सीआरझेडमध्ये (किनारपट्टीच्या नियमांत) बसत नाही. त्यांना म्हणावं सुपारी आणा. कोरलचे तुकडे तर चुकूनही नको, रीफ बांधणारे कोरल १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल १ मध्ये आहेत.

धागाकर्ता: एका दगडावर झोआ आहेत!! आई मोठं पातेलं काढून बसली होती. पाणी बदललं, वाळू काढली. रात्री दीडला झोपलो. परवा गुरुवार, पाणी बंद, म्हणून आजच सगळे कॅन भरून ठेवलेत.

धागाकर्ता, शनिवार: अमोनिया ०.२५, क्लाऊन खाली उतरले, खायलाही लागले. दुसरी बादली बघू म्हणून गॅलरीत नळाखाली धुतली, ११ वेळा पाणी बदललं तरी करडंच. शेवटी फेकली. नवीन वाळू कधी घालू?

खारट_माणूस: अमोनिया आणि नायट्राईट आठवडाभर शून्य दिसू दे. मग कोरडी अ‍ॅरागोनाईट धुऊन, पाईपमधून थेट तळाशी, दोन दिवसांआड थोडी थोडी, सगळी मिळून दीड इंच. त्यावर कुणाच्या निरोगी टँकमधली वरच्या थराची वाटीभर वाळू पसरा, बाकीची आपोआप लाईव्ह होते. लागली तर माझ्याकडून न्या, झाकण मात्र उघडं ठेवून.

धागाकर्ता: नक्की येतो. एकच राहिलं, गोबी बिचारा उघड्या काचेवर तोंड आपटत वाळू शोधतोय, बघवत नाही. तोवर त्याला बशीत थोडी धुतलेली नवी वाळू देऊ का?

तळ्यातली_माऊ: द्या की. काचेची बशी घ्या, स्टीलची नको.