मदत हवी आहे: जुना लॅपटॉप तापतो आणि हँग होतो

कोरा_कागद:
नमस्कार. माझा लॅपटॉप गेल्या महिन्याभरापासून भयंकर तापतो आणि अर्ध्या-पाऊण तासात हँग होतो. पंखा साफ केला, विंडोज नव्याने टाकले, अँटिव्हायरसही बदलून पाहिला, पण काडीचाही फरक पडलेला नाही. सोमवारी एक अहवाल द्यायचा असल्यामुळे कृपया प्राथमिक उपाय सुचवू नयेत; नेमके काय करावे तेवढेच सांगावे.

ठोकताळा:
नेमके सांगायला नेमकी माहिती लागते. लॅपटॉप किती वर्षांचा आहे, आत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे की चिपवर माहिती साठवणारी एसएसडी, आणि हँग होतो म्हणजे पडदा थिजतो की यंत्र धाडकन बंद पडते? या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत.

भरवशाची_म्हैस:
इतकी उलटतपासणी कशाला? माझ्या लॅपटॉपचे हेच रडगाणे होते. दोन पंख्यांचा कूलिंग पॅड घेतला आणि तेव्हापासून तो सुतासारखा सरळ चालतो आहे.

पेंग्विनप्रेमी:
विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विंडोजऐवजी एखादे हलके लिनक्स टाकावे, जुन्या यंत्रात पुन्हा जीव येतो.

कोरा_कागद:
मी विंडोज १० वापरतो असे कुठे म्हटले? असो. लॅपटॉप नऊ वर्षांचा आहे, रॅम ८ जीबी आणि हार्ड डिस्क मूळचीच, १ टीबीची. तो बंद पडत नाही. माउसचा बाण हलतो, पण कशावरही क्लिक केले की निळे वर्तुळ फिरत बसते. कधी दोन-चार मिनिटांनी सुटतो, नाहीतर बटण दाबून धरावे लागते. पंखा जाळीतून ब्रश घालून साफ केला होता. तळ उघडायचा असतो याची कल्पना नव्हती.

ठोकताळा:
एवढे पहिल्याच प्रतिसादात आले असते तर बरे झाले असते. प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की आपला वेग स्वतःच उतरवतो, आणि तरीही तापमान चढत राहिले तर यंत्र जळू नये म्हणून लॅपटॉप एकदम बंद होतो. म्हणजे उष्णतेने यंत्र मंदावते किंवा विझते. बाण हलतो आहे आणि बाकी सगळे थिजले आहे, हे लक्षण मला डिस्कचे वाटते. कदाचित दुखणी दोन असतील. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये डिस्कची प्रकृती पाहावी, मात्र त्याआधी अहवालाची प्रत दुसरीकडे ठेवावी.

चिमटा:
मी अशी यंत्रे रोज उघडतो. पंखा आणि तांब्याच्या पट्ट्यांची जाळी यांच्यामध्ये जी धूळ साचते ती बाहेरून दिसतच नाही, आणि बाहेरून फुंकर मारली की ती आणखी आत घट्ट बसते. आधी बॅटरीची जोडणी काढावी, हवा मारताना पाती काडीने अडवून धरावीत, नाहीतर पंखा वाजवीपेक्षा जोरात फिरून त्याचे बेअरिंग जाते. प्रोसेसरची उष्णता वाहून नेणाऱ्या हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बहुधा १, २, ३, ४ असे आकडे असतात. बसवताना त्याच क्रमाने थोडे थोडे आवळावेत. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावलेली नऊ वर्षांची थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असणार, तीही बदलावी.

भरवशाची_म्हैस:
एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा कूलिंग पॅड घ्या, असे मी पुन्हा सुचवतो.

चिमटा:
आतली वाटच तुंबलेली असेल तर खालून वारा घालून फार तर तळ गार होईल.

कोरा_कागद:
काल रात्री उघडला. पंख्यामागे करड्या नमद्याची पट्टी असावी तशी धूळ होती. चिमट्याने धरली तर अखंड निघाली. तेच काम करताना पूर्वी तापमान ९७ अंशांवर जात होते, ते आता ७१ वर थांबते. मी खूश होऊन अहवाल उघडला आणि वीस मिनिटांत लॅपटॉप पुन्हा थिजला. डिस्कच्या माहितीत सी-५ या ओळीत सगळ्या शून्यांनंतर ३० हा आकडा दिसतो. हे वाईट आहे का?

ठोकताळा:
तो प्रोग्रॅम आकडे सोळाच्या पायावर दाखवतो, त्यामुळे ते ३० नसून तीन सोळे, म्हणजे ४८ आहेत. इतके सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचे लहान कप्पे, डिस्कला धड वाचता येत नाहीत. त्यांतला एखादा वाटेत आला की ती तोच पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि तेवढा वेळ विंडोज ताटकळते. नव्याने विंडोज टाकूनही फरक का पडला नाही, ते यावरून कळते.

भरवशाची_म्हैस:
मग विंडोजमधला डिस्क तपासणारा चेकडिस्क चालवा, रात्रभरात दुरुस्त होईल.

ठोकताळा:
प्रती काढण्याआधी मुळीच चालवू नये. मरणपंथाला लागलेली डिस्क रात्रभर राबवली तर सकाळी ती ओळखूही येणार नाही, अशी वेळ येऊ शकते. आधी लागतील त्या फाइली उतरवाव्यात. जो फोल्डर अडेल तो सोडून पुढे जावे आणि शेवटी त्याच्याकडे वळावे.

कोरा_कागद:
अहवाल उतरला. फोटोंचा एक फोल्डर अडकत होता, तो तूर्त वगळला आहे. सुरुवातीच्या घाईबद्दल क्षमस्व. आता एसएसडी घ्यायची तर छोट्या पट्टीच्या आकाराची मिळते ती चालेल का?

ठोकताळा:
हार्ड डिस्कच्याच जागी बसवायची असेल तर पट्टी नव्हे, साटा जोडणीची अडीच इंची एसएसडी लागेल. तिची जाडी बहुधा ७ मिलिमीटर असते. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटरची निघाली, तर एसएसडी खोबणीत डुगडुगू नये म्हणून भोवती प्लास्टिकची चौकट बसवावी.