डीईएफ (धूर साफ करायला लागणारं युरिया-पाणी) क्वालिटी सेन्सरचा कोड परत परत येतोय, सेन्सर बदलू का?

सोळाचाकी
बीएस६ ट्रक, २४ व्होल्ट, डीईएफची टाकी ६० लिटर. स्कॅनरवर एसपीएन (कुठल्या गोष्टीत दोष) ३५१६, एफएमआय (कसला दोष) १ आणि सोबत ४०९४ (डीईएफच्या दर्जामुळे धूर मर्यादेबाहेर). कोड उडवला की दीड-दोन तासांत पुन्हा हजर. लाइव्ह डेटात युरियाचं कॉन्सन्ट्रेशन २८.५ ते २९.५ टक्क्यांच्या मध्ये नाचतंय. टाकी पाण्याने धुऊन ३० लिटर नवीन डीईएफ भरलं, तरी तेच. वायरमन म्हणतो सेन्सर गेला. हेडरसकट (टाकीत वरून बसणारा पाइप-सेन्सरचा जोड) घ्यावा लागतो, म्हणून आधी विचारतोय. पिकअप अजून कमी झालेला नाही.

कपलर_काढा_आधी
दादा, एसपीएनपेक्षा एफएमआयकडे बघा. काही गाड्या ३५१६ दाखवतात, काही ३३६४, पण पुढचा आकडाच कुठे हात घालायचा ते सांगतो. १ किंवा १८ म्हणजे सेन्सर बोलतोय आणि सांगतोय की युरिया पातळ आहे. ९ म्हणजे कॅन लाइनवर (सेन्सरचा डेटा नेणाऱ्या दोन तारा, हाय आणि लो) त्याचे मेसेजच वेळेवर येत नाहीत. ३ किंवा ४ असेल तर व्होल्टेजचा घोळ. १२ आला तर सेन्सर आतून खराब.

तुमचा १ आहे. म्हणजे वायरिंगवर संशय सगळ्यात शेवटी. तरी कपलर (सेन्सरच्या वायरचा जोड) एकदा उघडून बघाच. आत पांढरी पावडर दिसली तर डीईएफ शिरलंय. ते तांब्याच्या तारेतून आतल्या आत चढत जातं, वरून इन्सुलेशन नवंकोरं दिसतं. नुसतं कोमट पाण्याने धुऊन भागत नाही, हिरवी पडलेली तार पुढच्या चांगल्या भागापर्यंत कापावी लागते. मेन स्विच बंद करून कॅन हाय आणि लोच्या मध्ये ६० ओहमच्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर (लाइनच्या टोकाचा रेझिस्टर) तुटलाय.

३२.५_टक्के
सेन्सर काय मोजतो ते कळलं की अर्धं काम झालं. तो युरिया ओळखत नाही. टाकीच्या तळाशी अल्ट्रासोनिक आवाज सोडतो, तो परत यायला किती वेळ लागला ते बघतो, तापमान जोडतो आणि टक्का काढतो. पाण्यात आवाज हळू जातो, डीईएफमध्ये जरा वेगाने. म्हणून बुडबुडे असले तरी आकडा बिघडतो. टाकी भरल्या भरल्या घेतलेलं रीडिंग धरू नका, पंधरा मिनिटं थांबा.

डिझेल पडलं असेल तर अजून गंमत. ते वर तरंगतं, सेन्सर तळाशी, त्यामुळे टाकी भरलेली असताना सगळं ठीक दिसतं आणि पातळी उतरली की कोड येतो. झाकण उघडून टॉर्च मारा, तेलाचा तवंग दिसेल.

आता रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून उजेड किती वाकतो त्यावरून टक्का दाखवणारा) घ्या, डीईएफची पट्टी असलेला. आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्य जुळवा, मग टाकीतला नमुना. आयएसओ २२२४१ प्रमाणे ३१.८ ते ३३.२ चालतं. २९ म्हणजे सेन्सर खरं बोलतोय.

बादली
वरच्यांशी सहमत, पण सेन्सरचा निकाल लावायचा असेल तर बादलीच. इंजिन थंड असताना हेडर बाहेर काढा. कूलंटच्या नळ्या असतील तर चिमटे लावा. स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत सीलबंद कॅनचं डीईएफ ओता, सेन्सर पूर्ण बुडेल इतकं. कपलर जोडलेला, इग्निशन ऑन, इंजिन बंद. पाच-दहा मिनिटांत ३२ च्या आसपास आला तर सेन्सर चांगला. मग दुसऱ्या बादलीत डिस्टिल्ड वॉटर घेऊन बघा, शून्याजवळ जायला हवा. दोन्हीकडे २९ वरच अडकला तरच नवीन मागवा. लोखंडी, पितळी किंवा गॅल्व्हनाइज्ड भांडं वापरू नका.

सोळाचाकी
केलं. टाकीतला नमुना रिफ्रॅक्टोमीटरवर २९. बादलीत सीलबंद कॅनचं ३२.४, डिस्टिल्डमध्ये शून्याजवळ. तवंग नाही. मग नवीन डीईएफच पातळ होतं का?

३२.५_टक्के
त्याच डीईएफचा कॅन उरला असेल तर त्याचा थेंब बघा. पण हिशोब वेगळंच सांगतो. ३० लिटर भरलंत ना? त्यात साडेतीन-चार लिटर पाणी मिसळलं की ३२.५ चं बरोबर २९ होतं. ड्रेन प्लग खूपदा तळापेक्षा वर असतो, शिवाय आतल्या आडव्या पत्र्यांमागे पाणी राहतं. प्लग काढून गळायचं थांबलं म्हणजे टाकी रिकामी झाली असं नाही. हेडरच्या भोकातून पाइप घालून तळ ओढून घ्या, शेवटचं धुणं दोन-तीन लिटर डीईएफनेच करा आणि तेही फेकून द्या.

सोळाचाकी
कॅन ३२.६ दाखवतोय. म्हणजे पाणीच. धुताना बोअरचं पाणी वापरलं होतं.

कपलर_काढा_आधी
मग नीट उपसा. बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम डोझिंग इंजेक्टरच्या (धुरात डीईएफ फवारणारा) भोकात आणि कॅटॅलिस्टवर (धूर साफ करणारा भाग) बसतो. आणि शेतीचा युरिया पाण्यात कालवून भरायचा मोह अजिबात नको. टक्का बरोबर जमेल, रिफ्रॅक्टोमीटर आणि सेन्सर दोघंही फसतील, पण २०१५ पासून तो कडुलिंबाचं तेल लावूनच येतो आणि त्यात बाययुरेटही (युरियातली अशुद्धी) जास्त असतं.

बादली
भरल्यावर स्कॅनरने आधी क्वालिटी रीसेट, मग कोड क्लिअर. ४०९४ लगेच गेला नाही तर घाबरू नका, गरम इंजिनवर लोड देऊन फिरवा. पण रेंगाळू नका. युरो ६ सारखाच इथेही नियम: दोष पकडल्यापासून १० इंजिन तासांत टॉर्क कापला जातो, २० तासांत गाडी ताशी २० किलोमीटरवर येते.

आणि ड्रायव्हरला सांगा, चावी काढल्या काढल्या मेन स्विच पाडायचा नाही. पंप लाइनमधलं डीईएफ टाकीत परत ओढत असतो, त्याला दोन मिनिटं द्या. नाहीतर पुढच्या वेळी कोड इंजेक्टरचा असेल.