बायोलॉजीत एम.एस्सी. म्हणजे दोन वर्षं पाण्यात? मला हे मान्य नाही

सोनकी

परवा दुसऱ्या धाग्यावर 'हिशेबी' यांनी लिहिलं होतं : "पुण्यात बायोलॉजीत एम.एस्सी. करणं म्हणजे दोन वर्षं आणि दोन लाख रुपये पाण्यात. त्यापेक्षा पोरांनी सहा महिन्यांचा क्लिनिकल रिसर्चचा कोर्स करावा आणि हिंजवडीला चिकटावं." खाली लोकांनी 'अगदी बरोबर'ची रांग लावली. मी दोन दिवस गप्प बसले. काल माझ्या मावसबहिणीने हेच वाक्य तिच्या मुलीला ऐकवलं. मुलगी बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रात्री साडेनऊला ती रडत माझ्याकडे आली. म्हणून लिहितेय, आणि लांबणार आहे.

मी २०११ साली बॉटनीत एम.एस्सी. झाले. त्या दोन वर्षांतली एक दुपार सांगते. दिवाळी नुकतीच झाली होती, वेताळ टेकडीवर कुसळी गवत वाळून सोनेरी झालं होतं. शास्त्रीय नाव हेटरोपोगॉन कॉन्टॉर्टस. टेकडीवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या सॉक्समध्ये घुसतं तेच. मॅडमनी प्रत्येकीच्या हातात एकेक काडी दिली आणि म्हणाल्या, "नाव मला माहीत आहे. उघडून दाखवा." डिसेक्टिंग मायक्रोस्कोप, दोन सुया, आणि एवढासा स्पाइकलेट, म्हणजे गवताच्या फुलांचा इवलासा झुपका. त्याची आवरणं एकेक करून सोडवायची : ग्लूम, मग लेमा, मग पेलिया. पाऊण तास गेला, मान अवघडली. शेवटी मॅडमनी वाळलेल्या कुसळावर पाण्याचा एक थेंब सोडला आणि ते पीळ उलगडत काचेवर आपलं आपण गरागरा फिरायला लागलं. ओल मिळाली की फिरायचं, सुकलं की पुन्हा पीळ भरायचा, असं करत ते बी स्वतःला जमिनीत रोवून घेतं. बी.एस्सी.ला हे मी दोन ओळींत पाठ केलं होतं. पाहिलं त्या दिवशी.

याचा उपयोग काय, हे विचारणारच तुम्ही. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडायला लागली, माणसंही तापाने जायला लागली. पिवळा ताप देशात शिरला की काय, ही धास्ती होती. तपास केला तो पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही). नवा विषाणू सापडला आणि तो पसरवणारी गोचीडही सापडली, हीमाफायसॅलिस स्पिनिगेरा. जंगलात गोचिडी ढिगाने असतात. त्यांतली ही नेमकी कोणती, हे लेन्सखाली धरून सांगणारी माणसं होती म्हणून उत्तर मिळालं. अशी माणसं सहा महिन्यांच्या कोर्समधून तयार होत नाहीत.

आणि हे पुण्यात नाही करायचं तर कुठे? विद्यापीठाच्या आवारात पेशींवर संशोधन करणारी एनसीसीएस, पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि आयसर ही विज्ञान संस्था, कोरेगाव रस्त्यावर १९५५ पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं (बीएसआय) पश्चिम विभागीय केंद्र, आगरकर रस्त्यावर आघारकर संस्था. (रस्ता गोपाळ गणेश आगरकरांचा आणि संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकरांच्या नावाची. पुण्यात जन्म गेलेलेही यात चुकतात.) एका पीएमपीच्या पासवर एवढं सगळं देशात किती गावांत मिळतं?

हिशेबी

सोनकीताई, तुम्ही कळवळून लिहिलंत, मीही तसंच लिहितो. माझा मुलगा मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. आहे, ७८ टक्के. विनाअनुदानित कोर्स, दोन वर्षांची फी १ लाख १० हजार. पहिली नोकरी १६,५०० रुपयांची, तीही रात्रपाळीची. त्याच्याबरोबर बारावी झालेला शेजारचा मुलगा डिप्लोमा करून चाकणला लागला, त्याने तोवर बाइक घेतली आणि बहिणीच्या लग्नाला पैसे दिले. मी पीएफमधून फी भरली होती. कुसळ फिरताना बघून घरभाडं भरता येत नाही. तुमच्या भाचीला रडू आलं याचं मला वाईट वाटतं. पण चोविसाव्या वर्षी बापापुढे हात पसरताना माझ्या मुलाच्या डोळ्यांत पाणी होतं, ते कोणाला दिसलं नाही.

क्यूसीवाला

मी हडपसर भागात क्यूसीत, म्हणजे कंपनीच्या गुणवत्ता तपासणीत आहे, विषय मायक्रोबायोलॉजीच. मीही असाच तुटपुंज्या पगारावर लागलो, आज दहा वर्षांनी बरं चाललंय. हिशेबीकाका, पहिल्या पगारावरून पदवी जोखू नका.

पण सोनकी, तुमच्याही चित्रात एक भोक आहे. मी मुलाखती घेतो. समोर एम.एस्सी. झालेली मुलं येतात. मी सांगतो, सीरियल डायल्यूशन करून दाखव, म्हणजे नमुना ट्यूबमागून ट्यूब पातळ करत दहाचा उणे सहावा घात, दहा लाखांत एक भाग इथपर्यंत ने. परवा पाच जण आले होते. चौघांना मायक्रोपिपेटचा (थेंबाएवढा द्रव मोजून उचलायचं साधन) पहिला आणि दुसरा स्टॉप यांतला फरक सांगता आला नाही. एकाने प्रत्येक ट्यूबला तीच टीप वापरली. मार्कशीटवर सगळे 'ए प्लस'. तुमच्या मॅडमनी काडी हातात दिली होती. यांच्या हातात कोणी काहीच दिलेलं नाही.

बालाघाट

मी सध्या एम.एस्सी. भाग दोनला आहे, बीडहून आलोय. क्यूसीवाला सर बोलले ते खरं आहे आणि त्याची आम्हाला लाज वाटते, पण दोष आमचा नाही. आम्ही तीस जण, पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढणारं) एक. सर स्वतः सगळं लावतात, आम्ही भोवती उभे. डीएनए तपासायला जेलच्या वडीतल्या खाचेत, म्हणजे विहिरीत, नमुना सोडतात. दोन वर्षांत मी अशी एक विहीर भरली आहे. एकच. टीप जरा खोल गेली, जेलला भोक पडलं, निळा थेंब खालून पसरला. सर म्हणाले, "राहू दे, आता वेळ नाही." त्यानंतर माझा नंबर आलाच नाही.

दुसरीकडे नेटच्या (प्राध्यापकी आणि संशोधनवृत्तीसाठीची परीक्षा) पार्ट सीमध्ये नेमकं हेच विचारतात, जेलचं चित्र देऊन निष्कर्ष काढायला. ७५ पैकी २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण, चुकलं की गुण कापले. जेआरएफ, म्हणजे संशोधनवृत्ती, लागली तर महिना ३७ हजार आणि घरभाडं वेगळं. म्हणून मी सकाळी कॉलेज, संध्याकाळी नवी पेठेत अभ्यासिका. रूमवरचे तिघे एम.एस्सी.ला नाव घालून एमपीएससी करतात, एकाचं वनसेवेकडे लक्ष आहे. त्यांना मी नावं ठेवत नाही. घरी सांगायला काहीतरी लागतं.

निवृत्त_झूलॉजी

हात का चालत नाहीत याचं मूळ कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. डिसेक्शन बंद केलं तिथून हे सुरू झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०११ साली कात्री लावली आणि २०१४ साली दारच बंद केलं. मी तीस वर्षं झूलॉजी शिकवलं. पहाटे गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून मुशी (छोटा शार्क) आणायचो, स्वतः निवडून. तिच्या कवटीची कूर्चा ब्लेडने पापुद्र्या-पापुद्र्याने तासायची. घाई केली की मेंदूतून निघणारी नर्व्ह तुटलीच. पाचवी, सातवी, नववी, दहावी, एकेक मोकळी करायची आणि खाली काळ्या कागदाची पट्टी सरकवायची, म्हणजे पांढरा धागा उठून दिसतो. ज्या मुलाने ती दहावी नर्व्ह अखंड काढली, त्याच्या हातात तुम्ही कुठलंही पिपेट द्या. आता पोरं संगणकाच्या पडद्यावर बेडूक कापतात.

मैत्रेयी_स

सर, आदर ठेवून सांगते, तुम्ही मुशीबद्दल लिहिलंत, बेडकांबद्दल का नाही? मी झूलॉजी सोडलं ते एका बेडकामुळे. क्लोरोफॉर्म कमी पडला होता. ट्रेमध्ये मेणावर चारी पाय टाचण्यांनी ताणलेले, मी पोट उघडलं आणि त्याने मागचा पाय ओढला. मी किंचाळले. सर म्हणाले, "रिफ्लेक्स आहे, पुढे चल." रिफ्लेक्स नव्हता तो. आम्ही चाळीस जण, प्रत्येकाला एक, परीक्षेला आणखी एक. ते बेडूक कोणी पाळत नव्हतं, पावसाळ्यात शेतांतून पोत्यांनी धरून आणायचे. दरवर्षी, कॉलेजागणिक. आणि त्यातून कोणाला नवीन काय कळलं? आकृती पुस्तकात होतीच.

निवृत्त_झूलॉजी

म्हणजे पोहायला पुस्तकातून शिकायचं? उद्या सर्जनही पडद्यावरच शिकवा!

मैत्रेयी_स

सर, बी.एस्सी. झूलॉजी करून तुमचा एक तरी विद्यार्थी सर्जन झाला का? सर्जन एम.बी.बी.एस. करून होतात, देहदान केलेल्या माणसांवर शिकतात. ती माणसं स्वतः होकार देऊन गेलेली असतात. हे उदाहरण तीस वर्षं ऐकतेय आणि ते तेव्हाही चुकीचं होतं.

क्यूसीवाला

अहो, विषय एम.एस्सी.चा चाललाय.

निवृत्त_झूलॉजी

हाच विषय आहे. मैत्रेयीताई, तुम्ही मला क्रूर ठरवताय. ज्या बाजारात माणूस संध्याकाळी पाच किलो मुशी कापून घेतो, तिथली एक मुशी वीस मुलांनी मिळून अभ्यासली तर पाप, हा न्याय मला आजही समजत नाही. ती आधीच मेलेली असायची.

मैत्रेयी_स

मेलेल्या मासळीला मी विरोध केलेलाच नाही, पुन्हा वाचा. कोळीणबाई मुंडकं फेकते, ते आणा आणि खुशाल तासा, मी स्वतः काळा कागद कापून देईन. माझा आक्षेप जिवंत प्राणी पोत्याने धरून आणण्याला आहे. तो पाय मला अजून दिसतो.

निवृत्त_झूलॉजी

बेडकांच्या बाबतीत आम्ही अती केलं, एवढं लिहून देतो. एका वर्गाला दोन पुरले असते. कोणी हिशोब विचारला नाही आणि आम्हीही ठेवला नाही. पण सरसकट बंदीने हात गेले, यावर मी ठाम आहे.

पेट्रीडिश

एवढं सगळं वाचलं. मशीन कमी, डिसेक्शन बंद, पोरांचे हात चालत नाहीत. शिकवणाऱ्याबद्दल कोणी एक ओळ लिहिली नाही.

मी नेट आणि सेट (राज्याची तशीच परीक्षा) दोन्ही पास आहे आणि नववं वर्ष तासिका तत्त्वावर शिकवतेय. कॉलेजचं नाव लिहिणार नाही. मायक्रोचं प्रॅक्टिकल सोमवारी अकराला असतं. त्यासाठी रविवारी दुपारी मी जाते. जिवाणू वाढवायला लागणारं अगर तोलायचं, उकळायचं, फ्लास्कला कापसाचे बुच करायचे, ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र) १५ पौंडांवर आला की वीस मिनिटं समोर उभं राहायचं, कारण त्याचा व्हॉल्व्ह नीट नाही. मग थंड होईपर्यंत थांबायचं. हाताला सोसेल इतकं कोमट झालं की प्लेटा ओतायच्या. उशीर झाला तर फ्लास्कमध्येच थिजतं, घाई केली तर झाकणावर पाणी धरतं. चार तास. यातला एकही तास बिलात धरत नाहीत. बिलात फक्त मी वर्गात उभी असते तो वेळ. मागच्या वर्षीचं बिल या वर्षी ऑगस्टला निघालं. मे-जूनमध्ये शून्य.

बालाघाट, तुझ्या सरांना तुझा राग आला नसेल. दुसरा जेल ओतायला त्यांना कोणी वेळ दिला नसेल. आणि निवृत्त सर, तुम्ही पहाटे गणेश पेठेत जायचात कारण एक तारखेला तुमचा पगार खात्यावर असायचा. तुमचा हेवा करत नाही, पण हे वेगळं काढून बोलू नका. २०२३ पासून सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची नाही, नेट-सेट पुरतं. माझ्याकडे दोन्ही आहेत. जागा कुठे आहे?

निवृत्त_झूलॉजी

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्या वेळी लॅब असिस्टंट दोन होते, तयारी ते करून ठेवत. त्यांच्या जागा माझ्या डोळ्यांदेखत गेल्या आणि आम्ही स्टाफरूममध्ये बसून राहिलो.

हिशेबी

बघा, म्हणजे मी म्हणत होतो तेच झालं ना? शिकवणारा उपाशी, शिकणारा रिकाम्या हाताने. मग बापाने फी कशाला भरायची?

सोनकी

पेट्रीडिशताई, तुमचं वाचून मी दहा मिनिटं काही टाइप करू शकले नाही. माझ्या मॅडम कायम नोकरीत होत्या. पाऊण तास एका काडीवर घालवायची मोकळीक त्यांना होती, आणि मी तेच सगळीकडे असतं असं धरून लिहिलं. ते चुकलं.

पण हिशेबीकाका, यातून 'करू नका' निघत नाही. भाचीला मी आता सांगितलंय की फॉर्म भरण्याआधी त्या डिपार्टमेंटला दुपारी दोन वाजता जा आणि प्रॅक्टिकलच्या खोलीत डोकाव. मुलं बसून काही करतायत की उभी राहून बघतायत, तेवढं पाहून ये. पहिल्या वर्षीच विज्ञान अकादमीच्या समर फेलोशिपचा फॉर्म भर. दोन महिने एखाद्या चांगल्या लॅबमध्ये मिळाले तर हात तिथे सुटतो. आणि मुलं बघतच उभी असतील तर दुसरं कॉलेज शोधू, मी येते बरोबर.

बालाघाट, रविवारी सकाळी साडेसहाला एआरएआयच्या बाजूने टेकडीवर ये. कुसळी आत्ता अगदी तयार आहे. लेन्स आणि सुया मी आणते. जितके तुटतील तितके स्पाइकलेट तोड.

बालाघाट

येतो ताई. रूमवरचा एक जण वनसेवेचा अभ्यास करतो, त्याला आणू का?

सोनकी

आण.

हिशेबी

मुलाला हा धागा वाचायला दिला. तो म्हणाला, "बाबा, पहिलं वर्ष मला आवडलं होतं. मातीतून स्ट्रेप्टोमायसेस जिवाणू काढले होते, पहिल्या पावसाचा वास त्यांचाच असतो, तुम्हाला प्लेटही दाखवली होती." मला ती प्लेट आठवत नाही. एवढंच लिहितो. फीबद्दलचं माझं म्हणणं आहे तसं आहे.

पेट्रीडिश

हिशेबीकाका, ती प्लेट कोणीतरी आदल्या दिवशी ओतलेली असणार.

उद्या भाग एकचं प्रॅक्टिकल आहे, अगर तोलायला निघाले. बाकीचं रात्री लिहीन.