सॅडलमधून हरणाची शिकार: टेदरवर घर्षणगाठ की कॅम?

ओकवाडी
अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीसाठी धनुष्यवाले आता मचाणाऐवजी सॅडल घेतात. कंबर-मांड्यांचा पट्टा, समोर ब्रिज नावाचा आखूड दोर आणि खोडाला वेढलेला टेदर, म्हणजे ज्यावर शिकारी टेकून लटकतो तो दोर, एवढंच. टेदरची लांबी ठरवते ती त्यावरची घर्षणगाठ (बारीक दोरीचे, म्हणजे कॉर्डचे वेढे घालून बांधलेली, वजन पडलं की पकडणारी गाठ). या गाठीच्या जागी धातूचा कॅम (दोराला चिमटून धरणारं उपकरण) लावायची फॅशन मला पटत नाही. माझी पद्धत: 11 मिमी स्टॅटिक दोर, त्यावर 8 मिमी कॉर्ड आणि तीन वेढ्यांचा प्रुसिक ही घर्षणगाठ. वेढे एकमेकांवर चढू न देता शेजारी-शेजारी बसवा, हाताने आवळा, जमिनीपासून फूटभर उंचीवर पूर्ण वजन टाकून बघा. यात बिघडायला स्प्रिंग नाही, पिन नाही, आणि काय झिजलंय ते डोळ्यांना दिसतं.

नोव्हेंबर_थंडी
असहमत. गाठ धरते, पण सरकत नाही, आणि जीव तिथेच जातो. मिशिगनमध्ये बंदुकीचा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू होतो. त्या थंडीत जाड हातमोजे घालून, तासभर वजन झेललेला प्रुसिक एका हाताने सोडवून बघा. सुटत नाही म्हणून लोक टेदर ढिला ठेवतात, आणि पायाखालच्या छोट्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की दोराला झोळ पडतो. स्टॅटिक दोर ताणला जात नाही, त्यामुळे पाय घसरला तर दोन फुटांच्या झोळाचाही सगळा झटका थेट कमरेला बसतो. कॅम एका हाताने वर जातो, म्हणून झोळ राहतच नाही.

ओकवाडी
झोळाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. टेदर कपाळाच्या उंचीला आणि कायम ताठच हवा. पण तो दोष प्रुसिकचा, सगळ्या घर्षणगाठींचा नव्हे. प्रुसिक दोन्ही दिशांना पकडतो म्हणून जाम होतो. श्वाबिश ही घर्षणगाठ बांधा: वर चार वेढे, खाली एक, दोन्ही टोकांना डोळे (फासे) शिवलेली कॉर्ड. गाठीखाली छोटी पुली लावली की दोराचं मोकळं टोक ओढताच गाठ आपोआप वर सरकते. हातमोजे काढायचीही गरज नाही.
कॅमची मर्यादा कुणी सांगत नाही. रोपमॅन 1 हा कॅम 10 ते 13 मिमी दोरासाठी आहे. वजन हलकं करायला 8 मिमी टेदर घेणारे त्यावरही तोच चढवतात. दातेरी कॅम तर झटक्याने दोराचं आवरण फाडतो.

सह्याद्रीतून_ओहायो
आपल्याकडून प्रस्तरारोहण करून इथे आलेल्यांसाठी. (भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच नाही, त्यामुळे ही चर्चा इथल्यापुरतीच.) बॅगेतली 6 मिमी नायलॉन प्रुसिक कॉर्ड चांगलीच असते, पण ती 8 मिमी टेदरवर टाकण्याआधी वेढे वाढवून तपासा. दोन दोरांच्या जाडीत फरक जितका कमी, तितकी पकड कमी. कॉर्ड कडक असली तर वेढे दोराला चिकटतच नाहीत. आणि डायनिमा या कृत्रिम धाग्याची कॉर्ड घर्षणगाठीला नकोच: गुळगुळीत असते आणि साधारण 150 अंशांच्या आतच वितळते. टेक्नोरा या उष्णता सोसणाऱ्या धाग्याच्या आवरणाची घ्या, टोकं जोडायला तिहेरी फिशरमन गाठ मारा.

नोव्हेंबर_थंडी
उष्णतेचा विषय निघालाच आहे तर उतरण्याबद्दल बोलू. पाय ठेवायची एकच काठी वर-वर सरकवत चढणारे खाली येताना एकेरी दोरावरून येतात. नुसत्या घर्षणगाठीवर उतरणं चूक आहे, कारण सगळं वजन त्याच काही सेंटिमीटर कॉर्डवर घासत येतं. कॉर्ड चकाकते, कडक होते, आणि पुढच्या वेळी घसरते. उतरण्यासाठी आठाचा डिसेंडर (दोरावरून उतरायचं 8 च्या आकाराचं उपकरण) किंवा हँडलचं उपकरण हवंच. म्हणूनच मी म्हणतो, चढण्यापासूनच उपकरण वापरा.

ओकवाडी
उतरताना डिसेंडर हवा, मान्य. पण त्याच्या खाली ऑटोब्लॉक ही घर्षणगाठच लागते. डिसेंडर स्लिंगने (पट्टीच्या फाशाने) वर घ्या, नाहीतर गाठ त्याला टेकते आणि ऐन वेळी पकडत नाही. खालच्या टोकाला आठाची गाठ मारल्याशिवाय पाय सोडू नका. दोर बर्फाने माखला असेल तर गाठही घसरते आणि कॅमही. अशा दिवशी झाडावर चढूच नये.

सह्याद्रीतून_ओहायो
दोघांनी झाड गृहीत धरलंय. एमराल्ड अॅश बोरर या किड्याने मारलेली अॅशची झाडं मिशिगन-ओहायोत भरपूर आहेत. उभी दिसतात, पण लाकूड ठिसूळ. साल सुटलेली किंवा शेंडा वाळलेला असला तर दुसरं झाड बघा. शॅगबार्क हिकरीची सालपटं दोराखालून निसटतात, तिथे टेदर नीट बसत नाही. फांदी ओलांडताना लाइनमनचा दोर (चढताना कमरेपासून खोडाभोवती घातलेला) सोडण्याआधी टेदर फांदीच्या वर बांधून त्यावर वजन टाका. एका क्षणासाठीही दोन्ही सुटे नकोत.

नोव्हेंबर_थंडी
झाडाचं पटलं. पुली लावलेली श्वाबिशही चालेल, पण ज्याला ती अंधारात, डोक्यावरच्या दिव्याशिवाय बांधता आणि तपासता येते त्यानेच. नवशिक्याच्या हातात मी 11 मिमी दोर आणि त्याच जाडीसाठी बनवलेला कॅमच देईन.