छाटणी, विरळणी, सल, खरड: अनोळखी झुडपाला नेमकं काय करायचं?

प्रश्न (परभणी):
घराबरोबर बागही आली. दहा-बारा झुडपं आहेत, निम्म्यांची नावं ठाऊक नाहीत. एक माळी म्हणतो "खरड मारू", दुसरा म्हणतो "विरळणी करा", शेजारचे काका म्हणतात "सवळून घ्या". हे सगळं म्हणजे छाटणीच ना?

जालन्याहून:
छाटणी हा सगळ्यांना पोटात घेणारा शब्द झाला. माळ्याला नुसतं "छाटा" म्हणालात तर तो त्याच्या सवयीचं करणार.

विरळणी म्हणजे फांदी जिथून फुटली तिथूनच काढणं. झुडपाची उंची तीच राहते, आत ऊन-वारा जातो. शेंडा मारणं याच्या अगदी उलट. टोकाचा दोन-तीन बोटं कोवळा भाग खुडला की खालचे डोळे (फांदीवर दडलेले कोंब) फुटतात आणि झुडूप दाट होतं. दाटी कमी करायची म्हणून मोठ्या कात्रीनं वरून गोल कापत गेलात, तर बाहेर पानांचं कवच आणि आत वाळल्या काड्या एवढंच उरतं. सरकारी बंगल्यांच्या कुंपणाला बघा, हाच प्रकार.

सल हा आमच्या मोसंबीवाल्यांचा शब्द. सल म्हणजे वाळलेली काडी. अनोळखी झुडपाला पहिल्या वर्षी बिनधोक करता येईल असं एकच काम, ही सल काढणं. नखानं साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर सल. पानं नाहीत म्हणून मेली असं मात्र समजू नका. सीताफळ उन्हाळ्याच्या तोंडाशी निष्पर्णच असतं.

पानसोट म्हणजे बुंध्यातून सरळ वर गेलेला, लांब पेरांचा जोमदार फोक. तोही काढायचा, पण उगमापासून. थोटूक ठेवलं तर तिथून चार नवे येतात. गुलाबाच्या कलमाच्या गाठीखालून आलेली फूट ही खुंटाची, म्हणजे ज्या झाडाच्या मुळावर कलम बांधलं त्याची फूट. ती राहू दिली तर कलम मागे पडतं आणि शेवटी खुंटाचाच गुलाब उरतो.

उपप्रश्न (परभणी):
पानसोट की पाणसोट?

जालन्याहून:
दोन्ही चालतं. कापायची जागा चुकवू नका म्हणजे झालं.

तुळजापूरहून:
खरड हा द्राक्षाचा शब्द आहे, तो फुलझाडांवर आणू नका. एप्रिलच्या खरड छाटणीत काड्या एक-दोन डोळे ठेवून कापतात. ते चालतं, कारण लगेच खत-पाणी मिळतं आणि ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत नवी काडी पिकायला पुरता वेळ असतो. तुमच्या झुडपावर वैशाखात हेच केलंत तर सावलीत वाढलेली साल एकदम उन्हात येते, करपते, तडकते आणि तिथून कीड शिरते. जोरकस छाटणी पावसाळा संपल्यावर किंवा थंडीत करा, तीही एका वर्षात एक तृतीयांशाहून जास्त नको.

अंबाजोगाईहून:
महिना ठरवायच्या आधी ओळख पटवा. फुलाची वाट बघायची गरज नाही, पान मोडून बघा. पानं समोरासमोर आणि मोडल्यावर पांढरा चीक आला तर बहुधा तगर. पानं तशीच समोरासमोर, चकचकीत, पण चीक नाही, तर अनंत असू शकतो. एका पेरावर तीन अरुंद लांब पानं म्हणजे कण्हेर. चौकोनी काटेरी फांदी, खरखरीत पान आणि चुरगळल्यावर उग्र वास म्हणजे घाणेरी. तिला छाटत बसू नका, मुळासकट काढा.

मग बहर. मोगरा उन्हाळ्यात नव्या फुटीवर फुलतो, म्हणून नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात पाणी तोडून जमिनीपासून दीड फुटावर कापतात. कुंद दिसायला त्याचाच भाऊ, पण फुलतो थंडीत. डिसेंबरात कापलात तर कळ्यांसकट जाईल. त्याला फुलं संपल्यावर हात लावा. गुलाब ऑक्टोबरच्या मध्याला छाटला की साधारण दीड महिन्यात फुलतो. ओळख पटलीच नाही तर वर्षभर फक्त सल काढा आणि कधी फुलतं ते लिहून ठेवा.

काप डोळ्याच्या वर अर्धा सेंटिमीटर, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. अंगठ्याहून जाड कापाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशी रोखणारा लेप लावा. एक लिटर पाणी घ्या. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) त्यातल्या अर्ध्या लिटरमध्ये, 100 ग्रॅम कळीचा चुना उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. चुना विरून गार झाला की मग एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून बघा. त्याला तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे.

प्रश्न (परभणी):
आणि सवळणं?

तुळजापूरहून:
ते बाभळी-कडुलिंबाला. फांद्या तोडून पाला शेळ्यांपुढे टाकायचा, असा तो शब्द चाऱ्याशी जोडलेला. काकांचं ऐकून कण्हेर सवळलीत आणि कोणी पाला उचलून नेला तर जनावर दगावेल. कण्हेरीचा वाळका पालाही तेवढाच विषारी असतो आणि घाणेरीही चाऱ्यात चालत नाही. कण्हेर कापताना हातमोजे घाला, काड्या जाळू नका, खड्डा करून पुरा.