‘सेट झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

सेक्रेटरी (ए-२०१), शनिवार दुपारी ४.१०
नमस्कार. बी विंगच्या गच्चीवरच्या कोब्याचा शेवटचा थर सेट झाला आहे. सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.

बी-५०२, संध्याकाळी ७.४५
वर जाऊन आत्ता फोटो काढलेत, बघा. खाटेच्या चार पायांचे चार खड्डे पडलेत आणि जिन्यापासून टाकीपर्यंत चपलांचे ठसे. चार पावसाळे आम्ही बेडरूममध्ये बादली ठेवून झोपतोय. यंदा तरी सुटका होईल म्हणून डोळे लावून बसलो होतो. कोण गेलं होतं वर?

बी-२०३
मी गेले होते. उद्या पहाटे कुरडयांचा चीक शिजवायचाय, म्हणून मुलाला घेऊन खाट वर नेऊन ठेवली. नोटीस वाचूनच गेले हो. सेट झालं म्हणजे काम आटोपलं, असंच वाटलं. माहीत असतं तर जिना चढलेच नसते.

सेक्रेटरी (ए-२०१)
काकू, तुमची चूक नाही. ठेकेदाराचा माणूस फोनवर म्हणाला, “सेट झालंय साहेब.” मी तोच शब्द जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. मलाही वाटलं झालं काम.

सी-३०१
मी बांधकामातला माणूस आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सिमेंट सेट होतं म्हणजे ते पातळपणा सोडून आकार धरायला लागतं. भार पेलायची ताकद त्यात अजून आलेली नसते. प्रयोगशाळेत हे सुईने बघतात. ४० मिमी उंच साच्यात सिमेंटचा लगदा भरतात आणि वरून व्हिकॅटच्या उपकरणाची बारीक सुई सोडतात. सुरुवातीला ती थेट तळाला जाते. मग एक वेळ अशी येते की ती तळाच्या ५ ते ७ मिमी वरच अडकते. तेव्हा म्हणायचं पहिलं सेटिंग झालं. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटचं हे सेटिंग ३० मिनिटांच्या आत होता कामा नये, नाहीतर माल पसरायलाच वेळ मिळणार नाही. आणि शेवटचं सेटिंग ६०० मिनिटांत, म्हणजे १० तासांत व्हायला हवं.

आता आपला हिशेब बघा. माल सकाळी ११ वाजता टाकला आणि खाट वर गेली ५ वाजता. त्या माणसाने ‘सेट झालं’ म्हटलं ते त्याच्या धंद्याच्या भाषेत बरोबरच होतं. पण माल कच्चा होता. यापुढे किमान ७ दिवस पाणी मारायचं, गच्चीवर पाणी साठवून ठेवायचं. सिमेंटची जी ताकद आम्ही मोजतो ती तर २८ दिवसांची असते.

बी-५०२
आता खड्ड्यांचं काय करायचं?

सी-३०१
आजच लक्षात आलं हे बरं झालं. उद्या सकाळी मिस्त्रीला बोलावतो. खड्ड्यांभोवतीचा भाग चौकोनी कापून पुन्हा भरून घेऊ, ठशांवरून एक हात फिरवू. नंतर पाणी साठवून तुमच्या छताला ओल येते का ते बघू. मी स्वतः उभा राहीन.

ए-४०३
काका, हा सेट शब्दच भारी गोंधळाचा आहे. आमच्या टेनिसमध्ये सेट म्हणजे सहा गेम आणि दोनची आघाडी. २०१० च्या विम्बल्डनमध्ये इस्नर आणि माहू यांचा शेवटचा सेट ७०-६८ वर संपला होता, तो एकच सेट ८ तास ११ मिनिटं चालला! बाई, इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ याच शब्दाला आहेत ना?

ए-१०४ (बाई)
बरीच वर्षं तसंच होतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली, त्यात क्रियापद सेटचे ४३० अर्थ दिले होते. ती एक नोंदच सुमारे ६०,००० शब्दांची. एका शब्दासाठी अख्खी कादंबरी! नंतर नव्या आवृत्तीचं काम करताना रन या क्रियापदाने त्याला मागे टाकलं, त्याचे ६४५ अर्थ मोजले गेले. आमच्या वर्गात पुट-पुट-पुट, कट-कट-कट यांच्या रांगेत सेट-सेट-सेट पाठ करून घ्यायचे मी. मुलं म्हणायची, हा सोपा आहे, बदलतच नाही. रूप बदलत नाही हे खरं, पण बदलायचं ते सगळं अर्थाने बदलून घेतलंय.

तरी या पसाऱ्याला एक मूळ आहे आणि ते मराठी माणसाला पटकन कळेल. सिट म्हणजे बसणे. सेट हे त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. आता आपलं बसवणे बघा. मोडलेलं हाड बसवतात, कोंदणात हिरा बसवतात. इंग्रजीत दोन्हीकडे सेट. जिथे आपण ‘बसवणे’ सोडलं तिथे ‘लावणे’ घेतलं. घड्याळाचा गजर लावतो, सापळा लावतो, गाण्याला चाल लावतो. त्यांचं तिथेही सेटच. पानं मांडतो, तिथेही सेट. सूर्याचं मात्र आपण वेगळं ठेवलंय. तो मावळतो. इतका सुंदर शब्द असताना दुसरा कशाला हवा?

आणि एक गंमत, सेक्रेटरी साहेब. तुम्ही नोटिशीत रोज लिहिता तो ‘सभासद’ शब्द या सेटचा दूरचा भाऊबंद आहे. संस्कृतात सद् म्हणजे बसणे. सभेत बसतो तो सभासद. सदन, संसद, परिषद, उपनिषद सगळे त्याच धातूचे. इंग्रजीतला सिट आणि संस्कृतातला सद् हजारो वर्षांपूर्वी एकाच घरातून निघाले.

सी-१०२ (आजोबा)
बाई, फार छान सांगितलंत. मी मागच्या महिन्यात असाच फसलो होतो. पुनर्विकासाच्या अहवालात लिहिलं होतं, ‘प्लॉटला दक्षिणेकडून सेटबॅक आहे.’ पेपरात सेटबॅक म्हणजे धक्का, पीछेहाट. मला वाटलं प्रस्ताव फेटाळला! रात्रभर झोप नाही. सकाळी कळलं की रस्तारुंदीसाठी सोडायची जागा म्हणजे सेटबॅक.

सी-३०१
आजोबा, विचारायचं होतं मला. ती जागा महापालिकेला द्यावी लागते, पण तिचा मोबदला ठरलेला असतो, बऱ्याचदा वाढीव बांधकामाच्या रूपात. घाबरण्यासारखं काही नव्हतं.

ए-३०२
आमच्या सुनेने सेटची परीक्षा दिली तेव्हा सासूबाई विचारत होत्या, कसला सेट जिंकायचाय?

ए-१०४ (बाई)
तो शब्द वेगळा. राज्य पात्रता परीक्षेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत ती. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं ती परीक्षा. दागिन्यांचा सेट, पुस्तकांचा सेट यातल्या नामाचीही वाट थोडी निराळी आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला, मुळात लॅटिन सेक्टा, एका मताच्या अनुयायांचा गट. पुढे दोन्ही शब्द कानाला सारखे झाले आणि एकमेकांत मिसळले. शाळेच्या गणितात आपण त्याला ‘संच’ म्हणतो, मला तो शब्द आवडतो.

बी-२०३
पण ‘मुलगा सेट झाला’ म्हणतो तेव्हा?

ए-१०४ (बाई)
नोकरी लागली, घर झालं, बस्तान बसलं. तो अर्थ आपण इथे घडवला. आणि बघा काकू, तिथेही ‘बसलं’ आलंच की!

ए-३०२
मग नोटिशीत सरळ ‘कोबा बसला’ लिहावं का?

ए-१०४ (बाई)
अजिबात नको! आपलं बसणेही कमी नाही. विश्वास बसला तर चांगलं, पण धंदा बसला, आवाज बसला, घर बसलं म्हणजे वाईट. ‘गच्ची बसली’ असं लिहिलंत तर सगळी बी विंग चपला न घालता खाली धावत येईल. लागणेचंही तसंच आहे. भूक लागते, नोकरी लागते, दूध पातेल्याला लागतं, मामा नात्याने लागतो. कुठलीच भाषा याला अपवाद नाही. बोलताना समोरचा माणूस दिसत असतो, हातवारे असतात, अर्थ निभावून जातो. नोटिशीत तसं काही नसतं. म्हणून माझी विनंती आहे की जिथे कुणाच्या घरात पाणी गळायचा प्रश्न आहे तिथे सेट, फायनल, ओके असे शब्द नकोत. काय करायचं आणि काय करायचं नाही ते लिहावं, तारखेसकट.

सी-३०१
शंभर टक्के पटलं. आमचे मिस्त्री तर हा शब्द वापरतही नाहीत. ते म्हणतात, “साहेब, अजून कच्चा आहे.” त्यात सगळं आलं.

बी-५०२
मीही रागाने लिहिलं. काकू, मनावर घेऊ नका. छताचं पाणी डोक्यावर पडत असताना माणसाचा तोल जातो.

सेक्रेटरी (ए-२०१), रात्री ९.२०
सुधारित नोटीस, मघाची रद्द समजावी.
बी विंगच्या गच्चीवरचा कोबा कच्चा आहे. उद्या, रविवारपासून पुढचे ७ दिवस त्यावर पाणी साठवलेलं असेल. या काळात गच्चीचं दार कुलूपबंद राहील, किल्ली वॉचमनकडे. कुणीही वर जाऊ नये, वाळवण घालू नये, मुलांना खेळायला पाठवू नये. आठव्या दिवशी पाणी काढून छताची पाहणी होईल, त्यानंतर पुढची तारीख कळवली जाईल. वाळवणासाठी सी विंगची गच्ची सकाळी ७ ते संध्याकाळी ६ उघडी राहील.
बाई, चालेल ना?

ए-१०४ (बाई)
उत्तम. एकही शब्द दोन अर्थांचा नाही.

बी-२०३
सी विंगपर्यंत चिकाचं पातेलं कसं नेऊ? लिफ्टसुद्धा त्या बाजूला नाही.

बी-५०२
काकू, आमच्या गॅलरीत सकाळपासून दुपारी दोनपर्यंत कडक ऊन असतं. खाट तिथेच लावा. चीक कधी शिजतोय सांगा, पातेलं धरायला मी खाली येतो.

बी-२०३
साडेपाचला. आणि चीक थोडा जास्तच शिजवते, दूध-साखर घालून खायला.